दुसरा मॉनिटर जोडताना: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तू अखेर दुसरा मॉनिटर आणलास हे वाचून मनापासून बरं वाटलं. अनुवादाचं काम करणाऱ्या माणसानं मूळ मजकूर आणि आपला मजकूर एकाच पडद्यावर आलटून पालटून बघत बसणं म्हणजे डोळ्यांची आणि स्मरणशक्तीची विनाकारण दमछाक. वाक्य वाचायचं, खिडकी बदलायची, तेवढ्यात त्यातला अर्धा भाग निसटायचा. दोन मॉनिटर असले की मूळ वाक्य समोरून हलत नाही, आणि अनुवादात त्याचा फरक दिसतो. म्हणून तुझी जोडणी नीट व्हावी असं मला फार वाटतं.

तू लिहिलंस की नव्या मॉनिटरचा दिवा लागतो, पण पडद्यावर ‘सिग्नल नाही’ एवढंच येतं आणि लिनक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जुना एकटाच दिसतो. तर पहिली विनंती ही, की ते सेटिंग आता बंद कर. तिथे जे दिसत नाही ते तिथे शोधून सापडणार नाही. मॉनिटरची खबर आधी केबलला, मग ग्राफिक्स कार्डाला, मग कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) आणि सगळ्यात शेवटी त्या सेटिंगच्या खिडकीला लागते. चौकशीही त्याच क्रमानं करायची. हा क्रम पाळला तर अडचण नेमकी कुठे आहे ते बहुतेक वेळा लवकर कळतं. तो मोडला की माणूस ड्रायव्हर काढतो, परत घालतो, अख्खी सिस्टिम नव्यानं बसवतो, आणि दोष निघतो केबलमध्ये.

तेव्हा आधी कॅबिनेटची मागची बाजू बघ. तुझ्या कॉम्प्युटरमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे, म्हणजे मॉनिटर लावायच्या जागा दोन ठिकाणी असणार. यूएसबी आणि नेटवर्कच्या पोर्टांशेजारी जे आहेत ते मदरबोर्डचे. त्यांच्या खाली, वेगळ्या पट्टीवर जे आहेत ते कार्डाचे. कार्ड सापडलं की बरेच मदरबोर्ड आपलं अंगचं ग्राफिक्स बंद करून टाकतात. जुना मॉनिटर कार्डाला आणि नवा मदरबोर्डला लावला असशील, तर नव्याला सिग्नल मिळणारच नाही. दोन्ही केबल कार्डालाच लाव. कार्डावर जागा कमी पडली तरच कॉम्प्युटर सुरू होतानाच्या बायोस सेटिंगमध्ये जाऊन अंगचं ग्राफिक्स चालू ठेवायचा पर्याय शोध. तो निघाला तर लिनक्स दोन्हीकडचे मॉनिटर एकत्र चालवू शकतं, पण मी तो मार्ग दुसऱ्या पसंतीचा मानतो.

मग केबल. तू मधे कन्व्हर्टर लावल्याचं ओझरतं लिहिलं आहेस, आणि माझा संशय तिथेच आहे. डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय हे मॉनिटर जोडायच्या पोर्टांचे दोन प्रकार. डिस्प्लेपोर्टमधून निघून एचडीएमआय मॉनिटरला जायचं असेल तर साधा, छोटा कन्व्हर्टर सहसा चालतो, कारण ग्राफिक्स कार्डावरचे बहुतेक डिस्प्लेपोर्ट गरज पडली तर एचडीएमआयच्या पद्धतीचा सिग्नल स्वतःच देऊ शकतात. उलट दिशेनं, म्हणजे कार्डाच्या एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्ट मॉनिटरकडे, तसला कन्व्हर्टर काही करू शकत नाही. तिथे सिग्नल खरोखर बदलणारा, आणि बहुधा यूएसबीतून वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. दोघांची टोकं सारखीच दिसतात, त्यामुळे फसगत होते. शक्य असेल तर कन्व्हर्टर टाळ आणि दोन्ही टोकांना सारखाच पोर्ट असलेली सरळ केबल वापर. तुझा नवा मॉनिटर ४के (३८४० बाय २१६० पिक्सेलचा) आहे, तेव्हा हेही बघ: एचडीएमआय १.४ ची मजल ४के ला सेकंदाला ३० चित्रांपर्यंतच आहे, ६० साठी २.० लागतं. ३० वर माऊस जड वाटतो आणि मजकूर सरकवताना डोळ्यांना त्रास होतो. त्यासाठी नव्या मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट देणं सगळ्यात निर्धास्त.

एवढं करून पडदा उजळला तर उत्तम. नाही उजळला तर कर्नलला विचार. टर्मिनल उघडून ‘सिस’ मधल्या ‘क्लास’ मधल्या ‘डीआरएम’ या फोल्डरमध्ये (/sys/class/drm) जा. तिथे कार्डाच्या प्रत्येक पोर्टाच्या नावाचा एकेक फोल्डर असतो, ‘कार्ड०-एचडीएमआय-ए-१’ अशा धाटणीचा. कार्डाचा आकडा १ असला तरी बिचकू नकोस. प्रत्येकात ‘स्टेटस’ नावाची फाइल असते आणि तिच्यात एकच शब्द: ‘कनेक्टेड’ किंवा ‘डिसकनेक्टेड’. मला ही छोटीशी फाइल फार मोलाची वाटते, कारण ती वाद मिटवते. नव्या मॉनिटरच्या पोर्टापुढे ‘डिसकनेक्टेड’ असेल तर वर कितीही सेटिंग बदललीस तरी उपयोग नाही, परत केबलकडे जायचं. ‘कनेक्टेड’ असेल तर तारेचं काम झालं, पुढचा प्रश्न सॉफ्टवेअरचा.

त्याच फोल्डरमध्ये ‘ईडीआयडी’ नावाची आणखी एक फाइल असते. मॉनिटर स्वतःची ओळख कॉम्प्युटरला सांगतो ती यातून: कुणी बनवला, कुठलं मॉडेल, पडदा किती सेंटिमीटरचा, कुठलं रिझोल्यूशन किती रिफ्रेश रेटला (सेकंदाला किती चित्रांना) झेपतं. मूळ ओळखपत्र जेमतेम १२८ बाइटचं, नव्या मॉनिटरांत त्याला पुरवणी जोडलेली असते. कन्व्हर्टरमध्ये किंवा दोन कॉम्प्युटरांत एक मॉनिटर वाटून देणाऱ्या स्विचमध्ये ही ओळख अनेकदा गळते. मग मॉनिटर दिसतो, पण १०२४ बाय ७६८ सारख्या भलत्याच रिझोल्यूशनला अडकून बसतो. तसं झालं तर हातानं नवं रिझोल्यूशन घालायची सोय आहे, पण आधी मधला अडथळा काढून बघ.

आता सॉफ्टवेअर. आधी एक माहिती मला हवी आहे: तुझं सेशन एक्सचं आहे की वेलँडचं? (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या लिनक्सच्या या दोन व्यवस्था, एक्स जुनी आणि वेलँड नवी.) बऱ्याच डेस्कटॉपांच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट’ च्या पानावर हे लिहिलेलं असतं. नसेल तर लॉगिन करताना पासवर्डाच्या जवळच्या छोट्या चिन्हात दिसतं. हे मी उगाच विचारत नाही. तुझा जुना मॉनिटर २४ इंची, १९२० बाय १०८० चा. नवा २७ इंची, ३८४० बाय २१६० चा. जुन्यावर एका इंचात सुमारे ९२ पिक्सेल बसतात, नव्यावर १६३ च्या आसपास. जवळजवळ पावणेदोन पट फरक. काहीच न बदलता दोन्ही चालवलेस तर नव्यावरची अक्षरं मुंगीएवढी दिसतील, आणि ती वाढवलीस तर जुन्यावरची अवाढव्य होतील.

एक्सची घडणच तशी आहे. एक्सची अकरावी आवृत्ती १९८७ ची. पुढे अनेक मॉनिटरांचा एकच पडदा करणारं झिनेरामा आलं, मग २००७ मध्ये रँडआर १.२ (मॉनिटरांची मांडणी बदलायची एक्सची सोय) आलं, आणि चालू कॉम्प्युटरला मॉनिटर लावणं, काढणं शक्य झालं. तोवर ‘झॉर्ग’ ची, म्हणजे एक्सच्या प्रोग्रामची, कॉन्फ (सेटिंगची) फाइल हातानं लिहून सगळं पुन्हा सुरू करावं लागे. (त्या काळातल्या सूचना अजून फिरत असतात. दोन साधे मॉनिटर जोडायला ती फाइल लिहा असं कुणी सांगितलं तर तो सल्ला सोडून दे. आज त्याची गरज क्वचितच पडते.) पण रँडआर आल्यावरही एक्सच्या लेखी दोन मॉनिटर म्हणजे एकाच सलग कापडाला पाडलेल्या दोन खिडक्या राहिल्या. कापडाची वीण एकच, त्यामुळे एका खिडकीसाठी बारीक आणि दुसरीसाठी जाड असं करता येत नाही. पळवाट आहे: सगळं दुप्पट मोठं करायचं आणि जुन्या मॉनिटरचं चित्र दुप्पट आकारात रेखाटून मग आकसून दाखवायचं. चालतं, पण अक्षरांची धार जाते आणि कार्डावर ओझं वाढतं.

इंग्रजी वाचणाऱ्याचं अशा पुसट अक्षरांवर निभावतं. तुझं निभणार नाही. देवनागरीत शिरोरेषेच्या वर किती काय काय बसतं ते तू रोज बघतोस: अनुस्वार, रफार, वेलांटीचा गोल, आणि कधी हे सगळं एकाच अक्षरावर. ‘वर्षांनी’ मधला रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळले, किंवा ‘द्ध’ आणि ‘ध्द’ वेगळे ओळखू आले नाहीत, की मुद्रितशोधन संपलं. म्हणून माझं स्पष्ट मत: तुझ्यासारखे दोन वेगळ्या घनतेचे मॉनिटर असतील तर वेलँड घे. त्याचं काम २००८ मध्ये सुरू झालं आणि त्यात प्रत्येक मॉनिटरला स्वतःचं प्रमाण देता येतं. नव्याला २०० टक्के, जुन्याला १०० टक्के, बस. २०० टक्क्यांना वस्तू फार मोठ्या वाटल्या तर १७५ करून बघ. अशा अधल्यामधल्या प्रमाणासाठीची प्रमाणित सोय २०२२ मध्ये आली आणि नवे प्रोग्राम ती पाळतात. जुने, एक्ससाठी लिहिलेले प्रोग्राम मात्र तिथे थोडे धूसर दिसू शकतात. तुझा अनुवादाचा प्रोग्राम त्यातला निघाला तर २०० वरच थांब. कार्ड एनव्हिडियाचं असून कंपनीचाच ड्रायव्हर असेल तर त्याच्या ‘एनव्हिडिया-डीआरएम’ या भागाचं ‘मोडसेट’ हे सेटिंग चालू आहे ना तेवढं तपास, वेलँडला ते लागतं.

मांडणीचं काम सोपं आहे, पण घाईत करू नकोस. सेटिंगमध्ये दोन चौकोन दिसतील. टेबलावर जो मॉनिटर डावीकडे, तो चित्रातही डावीकडे ओढ. मग दोघांची उंची जुळव. तुझ्या मॉनिटरांची उंची वेगळी आहे, त्यामुळे चौकोनांच्या कडा जिथे एकमेकांना भिडत नाहीत तिथे माऊस भिंतीला थडकल्यासारखा अडतो. टेबलावर ज्या पातळीला दोन्ही कडा समोरासमोर येतात त्याच पातळीला चित्रात आण, आणि माऊस मधल्या पट्टीवरून सरळ सरकवून बघ. हात जाईल तिथेच बाण निघाला पाहिजे.

मुख्य मॉनिटर ४के चाच कर. तो अगदी समोर ठेव, जुना बाजूला थोडा वळवून. दोघांची मधली फट नाकासमोर येईल अशी बैठक तू करू नकोस, कारण तुझी नजर बहुतेक वेळ आपल्याच मजकुरावर असणार आणि मान दिवसभर एका बाजूला राहील. जुना मॉनिटर स्टँडवर फिरत असेल तर तो उभा करून बघच. सेटिंगमध्ये दिशा बदलली की तो १०८० बाय १९२० चा होतो आणि मूळ लेखाचं एक पान वरपासून खालपर्यंत एकसंध दिसतं. त्यासारखं सुख नाही! उभ्या पडद्यावर अक्षरांच्या कडांना रंगीत झाक दिसली तर फॉन्टच्या सेटिंगमध्ये सबपिक्सेल सोडून ग्रेस्केल निवड.

गनोम हा डेस्कटॉप वापरत असशील तर त्याची एक सवय तुझ्या फार उपयोगाची आहे. वर्कस्पेस (खिडक्यांचा वेगळा संच) बदलली तरी ती फक्त मुख्य मॉनिटरवर बदलते, दुसरा जागेवर राहतो. म्हणजे बाजूच्या पडद्यावर मूळ मजकूर आणि शब्दकोश कायमचे, आणि समोर तू अनुवाद, पत्रव्यवहार, संदर्भ अशा वर्कस्पेस बदलत राहायचं. मूळ सेटिंग असंच असतं, ते बदलू नकोस.

राहिली गोष्ट टिकण्याची. गनोम ही मांडणी तुझ्या ‘कॉन्फिग’ फोल्डरातल्या ‘मॉनिटर्स’ नावाच्या एक्सएमएल फाइलीत ठेवतं. लॉगिनचा पडदा मात्र वेगळ्या वापरकर्त्याच्या नावानं चालतो, त्याला तुझी फाइल माहीत नसते, म्हणून पासवर्डाची चौकट कधी आडव्या झालेल्या उभ्या मॉनिटरवर येते. तीच फाइल जीडीएमच्या, म्हणजे गनोमचा लॉगिनचा पडदा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, फोल्डरात नेऊन ठेवली की ते सुधारतं. केडीई हा दुसरा डेस्कटॉप आपली मांडणी स्वतः सांभाळतो. पूर्ण डेस्कटॉपाऐवजी हलकाफुलका विंडो मॅनेजर (फक्त खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम) असता आणि सेशन एक्सचं असतं तर मी तुला एरँडआर सुचवलं असतं: चौकोन ओढायचे आणि ते त्याची स्क्रिप्ट लिहून देतं.

आणखी एक, नाहीतर पहिल्याच आठवड्यात गोंधळशील. डिस्प्लेपोर्टवरचा मॉनिटर बटणानं बंद केला की अनेकदा कॉम्प्युटरला तो उपटून काढल्यासारखा वाटतो, आणि त्यावरच्या सगळ्या खिडक्या दुसऱ्यावर जाऊन गर्दी करतात. तेव्हा उठताना बटण दाबू नकोस, स्क्रीन लॉक कर आणि पडदा आपोआप झोपू दे. तरीही खिडक्या पळाल्या तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ‘डीप स्लीप’ सारखा पर्याय असतो का बघ आणि तो बंद कर.

आज संध्याकाळी ‘स्टेटस’ फाइलीत कुठला शब्द आला तेवढा कळव, शिवाय कन्व्हर्टरच्या कुठल्या बाजूला काय लावलं आहेस तेही. बाकी मग फोनवर बोलू.

तुझा,
मित्र

ता. क. : दोन्ही पडद्यांचा उजेड सारखा करण्यासाठी मॉनिटरची बटणं चाचपत बसू नकोस. ‘डीडीसीयूटिल’ नावाचा प्रोग्राम व्हिडिओच्या केबलमधूनच मॉनिटरला उजेड कमीजास्त करायला सांगतो. तो चालायला ‘आयटूसी-डेव्ह’ हे कर्नल मॉड्यूल लागतं, आणि मॉनिटरच्या मेनूत डीडीसी (केबलमधून अशा सूचना घेण्याची सोय) चालू असावं लागतं. रात्री उशिरापर्यंत बसतोस, तेव्हा हे आधी करून घे.