मंजूस पत्र : संध्याकाळचे दोन तास आणि हॉट चॉकलेट

सोलापूर,
डिसेंबरचा शेवटचा आठवडा

प्रिय मंजू,

पत्र मिळालं. तुझ्या माहेरी जाऊन काकूंना कालच भेटून आले. वॉकर धरून पडवीपर्यंत येतात आता. ऑपरेशन झालेल्या पायावर जोर द्यायला अजून घाबरतात, पण फिजिओथेरपीला येणारी मुलगी त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलते, त्यामुळे तिचं ऐकतात. तू गड्ड्याच्या, सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या जत्रेच्या, आधी येऊन महिनाभर राहणार म्हटल्यावर त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, "नक्की ना?" मी नक्की म्हणून सांगून आलेय, तेव्हा आता रजेचं काय ते तू बघ.

आता तू सोपवलेलं काम. वहिनी बँकेतून साडेसहापर्यंत घरी येतात, म्हणजे रोज नाही तरी अधूनमधून तुला दोन तास मोकळे मिळतील. त्या वेळात तुला घराबाहेर पडायचंय, माझ्याशी बोलायचंय आणि झोपेच्या त्रासामुळे संध्याकाळी चहा-कॉफी घ्यायची नाही. "हॉट चॉकलेट चांगलं कुठे मिळतं बघ," एवढं एका ओळीत लिहून तू पुढच्या विषयाला गेलीस. मी मात्र ती ओळ मनावर घेतली. थंडी पडल्यापासून ऑफिस सुटलं की मी हेच करतेय.

तुझ्या कल्याणच्या लोकांना सोलापूर म्हटलं की फक्त उन्हाळा आठवतो. त्यांना सांग, इथली थंडी वेगळी असते. हवेत ओल नाही, आभाळ स्वच्छ, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन अंधार पडला की भराभर निवते. दुपारी तीस अंशांत पदर डोक्यावर घ्यावा लागतो आणि रात्री साडेसातला स्कूटरवर बोटं गार पडतात. स्वेटर घेऊन ये. काकूंचं कपाट उघडून त्यांची शाल शोधत बसू नकोस, त्यांना ते आवडत नाही.

आधी बसायच्या जागेविषयी लिहिते, कारण मला त्याचंच जास्त वाटतं. आपल्या वयाच्या दोन बायकांनी संध्याकाळी दोन तास बसून बोलायचं तर या गावात कुठे बसायचं? चहाच्या टपरीवर उभं राहावं लागतं, आणि पाच मिनिटांच्या वर उभं राहिलं की बघणारे बघतात. हॉटेलात फॅमिली रूम असते, पण ऑर्डर संपली की वेटर फडकं घेऊन टेबलाशी येतो. माझ्या घरी सासूबाई आहेत. प्रेमळ आहेत, पण तुझं मन मोकळं व्हायचं ते त्यांच्यासमोर होणार नाही. तळ्याच्या काठी बसलो असतो, पण जानेवारीत सिद्धेश्वराच्या आसपास पाय ठेवायला जागा नसते. काकूंचं दुखणं, भावाचं वागणं, नोकरी सोडायचा विचार हे सगळं तू पत्रात दोन-दोन शब्दांत उरकलंयस. ते नीट ऐकायला मला टेबल-खुर्ची हवीय आणि 'अजून काही आणू का' असं कुणी विचारणार नाही अशी वेळ हवीय. म्हणून मी कॅफे बघताना पहिल्यांदा खुर्च्या बघते. पाठ टेकता येईल अशी खुर्ची, समोरच्याचं बोलणं हळू आवाजातही ऐकू येईल एवढी शांतता आणि दारातून थेट वारा लागणार नाही असा एखादा कोपरा. हे नसेल तर कपात कितीही चांगलं असलं तरी मी ती जागा तुझ्यासाठी धरत नाही.

कपाविषयी बरंच शिकायला मिळालं, तेही सांगते. मेनूवर नाव एकच असतं, पण समोर येणाऱ्या गोष्टी तीन प्रकारच्या असतात. बहुतेक ठिकाणी गरम दुधात चॉकलेट सिरप किंवा तयार मिक्स घालून देतात. ते नुसतं गोड दूध. काही ठिकाणी कोको पावडर वापरतात, ती चांगली असेल तर कप वाईट नसतो. आणि फार थोड्या ठिकाणी खरं चॉकलेट चिरून दुधात वितळवतात. तुला हवंय ते हे तिसरं.

फरक कोको बटरचा आहे. कोकोच्या बीमध्ये निम्म्याहून थोडी जास्त चरबीच असते. १८२८ साली नेदरलँड्समध्ये व्हॅन हाउटेन यांनी ती चरबी दाबून काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. मागे राहिलेल्या पेंडीची जी पूड होते ती आपली कोको पावडर. तोवर चॉकलेट म्हणजे प्यायची वस्तू होती, आणि तीही चांगली स्निग्ध. खायची वडी तर १८४७ मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने पहिल्यांदा काढली. म्हणजे पिणं आधीचं, खाणं फार नंतरचं. हे वाचल्यापासून मला हॉट चॉकलेट लहान मुलांचं पेय वाटत नाही, आणि कॅफेत ते मागवताना मी आवाजही खाली आणत नाही.

यात एक फसवणूक चालते, ती लक्षात ठेव. 'कंपाउंड' नावाच्या लाद्या मिळतात, त्यांत कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं. स्वस्त पडतं म्हणून केकवाले आणि कॅफेवाले सर्रास वापरतात. कोको बटर साधारण ३४ अंशांना, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा किंचित खाली वितळतं, म्हणून खरं चॉकलेट जिभेवर राहत नाही. कंपाउंडचं पेय प्यायलं की टाळूला मेणचट थर बसतो आणि पाणी प्यायलं तरी जात नाही. मी आता काउंटरवर एकच प्रश्न विचारते : "कशापासून करता?" ज्यांना अभिमान आहे ते पाकीट आणून दाखवतात. जे नुसतं "चॉकलेटपासून" म्हणतात तिथे मी आल्याचा चहा घेते.

सात रस्त्याजवळ एक कॅफे आहे, कॉलेजच्या मुलांनी भरलेला. मुलं गोड आहेत, पण गाणी एवढी मोठ्याने लावतात की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि स्टुलं उंच. पाय लोंबकळत ठेवून तुझी कंबर धरेल. तो सोडून दे. नव्या पेठेत खरेदी करताना एका ठिकाणी मिळालं, कागदी कपात, सिरपवालं. तेही सोड.

होटगी रोडला एक बरी जागा सापडली. तिथे इटलीच्या पद्धतीचं करतात, थोडं कॉर्नफ्लोअर लावून दाट केलेलं, चमच्याने खावं लागतं. चव खरी आहे. पण शनिवार-रविवारी वाढदिवस चालू असतात, टाळ्या आणि फुगे. मधल्या वारी जाऊ. शेवटचे दोन घोट थंड झाले की खळीचा वास येतो, म्हणून तिथे बोलत बोलत नाही, गरम असतानाच संपवायचं.

आणि आता जिच्यासाठी हे पत्र एवढं लांबलं ती जागा. रेल्वे लाइन्स भागात एका जुन्या बंगल्याच्या पुढच्या दोन खोल्या आहेत. पाटी लहान आहे, मी आधी कितीदा तरी तिथून नुसती पुढे गेले असेन. चालवणारी मुलगी गावाच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी. आजोबा यंत्रमागावर होते. खोलीत टेबलं मोजकी, छत उंच, खिडक्यांना लाकडी झडपा. थंडीत ती प्रत्येक खुर्चीवर घडी घातलेली सोलापुरी चादर ठेवते, गुडघ्यांवर घ्यायला. मी ती पांघरून बसले आणि मंजू, मला तिथून उठवेना. कुणी उठवलंही नाही. बाजूच्या टेबलावर एक निवृत्त गृहस्थ पेपर वाचत होते, ते माझ्या आधीपासून होते आणि मी निघाले तेव्हाही होते.

मी माझा प्रश्न विचारला तर तिने मला सरळ ओट्यापाशी नेलं. चॉकलेट ती हैदराबादहून आणवते, ७० टक्के कोकोचं, आंध्रातल्या पश्चिम गोदावरी भागात पिकलेल्या कोकोचं. तिकडे नारळाच्या बागांत, नारळाच्या सावलीत कोकोची झाडं लावतात. हैदराबादला बंजारा हिल्समध्ये मनम चॉकलेट म्हणून दुकान आहे, तेही याच भागातला कोको वापरतं; माझ्या भाचीने तिथली वडी आणली होती, तिची आंबटसर, फळासारखी चव माझ्या लक्षात होती. म्हणून इथला पहिला घोट घेतल्यावर मी लगेच ओळखलं की हे गोदावरीकडचं.

दूध मात्र आपल्या जिल्ह्यातलं. पंढरपुरी म्हशीचं. तलवारीएवढ्या लांब शिंगांच्या त्या म्हशी तुझ्या आजोळी होत्या, आठवतं? गाईच्या दुधाच्या मानाने स्निग्धांश जवळजवळ दुप्पट, त्यामुळे कॉर्नफ्लोअर लागतच नाही. जाड बुडाच्या पातेल्यात ती दूध तापवते, उकळी येऊ देत नाही. कडेला बारीक बुडबुडे दिसले की आच बंद. चिरलेल्या चॉकलेटवर आधी चार चमचे दूध घालून घोटून लेप करते, मग उरलेलं दूध, मग चिमूटभर मीठ. एकदम सगळं दूध ओतलं तर कण राहतात, म्हणाली. आणि शेवटी तिने काय काढलं असेल? रवी. आपली ताक घुसळायची लाकडी रवी, फक्त लहान. मेक्सिकोत चॉकलेटला फेस आणायला अगदी अशीच दांडी दोन तळहातांत धरून फिरवतात. त्याच्याही आधी तिकडचे लोक उंचावरून या भांड्यातून त्या भांड्यात ओतून फेस काढत आणि त्यात मिरची घालत. मिरची तिथलीच ना, आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली. ही मुलगी मागितलं तर ब्याडगीची किंचित पूड घालून देते. तिखट लागत नाही, घशात फक्त ऊब राहते. मला साधंच आवडलं, पण तुला मिरचीचं आवडेल.

तुझ्या झोपेचं मी विसरले नाही. काळ्या चॉकलेटमध्ये थोडं कॅफीन असतंच. अशा एका कपात कॉफीच्या कपाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं येतं. म्हणून तू मिल्क चॉकलेटचं करून मागव, त्यात ते अगदीच कमी. सांगितलं की करून देते. साखर नको म्हणूनही सांग, मिल्क चॉकलेट आधीच गोड असतं. शिवाय सातच्या आत पिऊन घ्यायचं, नंतर नुसतं बोलत बसायचं.

किंमत चहाच्या कितीतरी पट आहे, ती तुला कळेलच. मला ती जास्त वाटत नाही. आपण त्या पैशांत दोन तासांची जागा घेतोय आणि तिच्या खुर्च्या भरल्या तरच ती खोली टिकेल. पुण्या-मुंबईत अशी दुकानं बंद पडली तर शेजारी दुसरं उघडतं, इथे उघडेलच असं नाही. म्हणून मी ओळखीच्या सगळ्यांना सांगत सुटलेय. शाळेतल्या आपल्या बाकीच्या मैत्रिणींना मात्र एवढ्यात सांगितलेलं नाही, आधी आपण दोघी जाऊ.

गड्ड्याच्या दिवसांत थोडं सांभाळावं लागेल. होम मैदानावर पाळणे लागले की पार्क चौकाकडचे रस्ते संध्याकाळी तुंबतात. सातही नंदीध्वज, त्या उंच मानाच्या काठ्या, मिरवणुकीने निघतात त्या दिवशी आणि सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षतांच्या दिवशी मी कुठेही जाणार नाही आणि तूही जाऊ नकोस. काकूंना व्हीलचेअरवर बसवून कोपऱ्यापर्यंत नेऊ, तिथून काठ्यांचं दर्शन होईल. त्यांनी एक वर्षही चुकवलेलं नाही. शोभेचं दारूकाम गच्चीवरून दिसतं. बाकीच्या संध्याकाळी आपल्या.

सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट काढलंस की कळव, पहाटे स्टेशनवर मी येते. येताना मुंबईहून ७० टक्क्यांची एक चांगली वडी आण. पाकिटावर कोको बटर लिहिलेलं बघ, वनस्पती तेल असेल तर परत ठेव. ज्या दिवशी वहिनींना उशीर होईल त्या दिवशी काकूंच्या स्वयंपाकघरात करू. रवी त्यांच्याकडे आहेच, मी विचारून ठेवलंय.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
वैजू

ता. क. : तो बंगल्यातला कॅफे सोमवारी बंद असतो. आणि वर तरंगणारे मार्शमॅलो कुठेही नको म्हण. बहुतेकांत जिलेटिन असतं आणि ते जनावरांपासून काढतात. या मुलीकडे ते नाहीतच, पण होटगी रोडला न विचारता टाकतात.