जळजळ होण्याची वाट कशासाठी पाहायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पुरवणीतील गर्भवतींच्या काळजीविषयीचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा चष्म्याशिवाय वाचला होता, त्यामुळे चूक माझ्या डोळ्यांची असावी असे वाटले. चष्मा लावून पुन्हा वाचला तरी ते वाक्य जागच्या जागी होते. 'लघवीला जळजळ होत असल्यास किंवा वारंवार जावे लागत असल्यास तपासणी करून घ्यावी.' आहार, विश्रांती आणि डाव्या कुशीवर झोपण्याचे फायदे यांवर अर्धे पान खर्च करणाऱ्या आपल्या तज्ज्ञांना, ज्या जंतुसंसर्गात जळजळ होत नाही, ठणका लागत नाही आणि तापही येत नाही, त्याच्यासाठी एक ओळ सापडली नाही. बाकी वारंवार लघवीला जाणे म्हणाल, तर गरोदरपणात ते कोणत्या बाईला चुकले आहे?

माझ्या मुलीच्या सगळ्या तपासण्या तिसऱ्या महिन्यात वेळेवर झाल्या होत्या. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड आणि लघवीची 'रुटीन'. त्या कागदावर अल्ब्युमिन नाही, साखर नाही, पस सेल्स (पूपेशी) दोन ते तीन, असे सगळे शुभवर्तमान होते. शेजारच्या मुलीला लघवीचे कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची तपासणी, करायला सांगितले होते हे ठाऊक असल्यामुळे मी डॉक्टरीणबाईंना तसे विचारलेही. त्यावर त्यांनी मुलीकडे पाहून 'तुला काही त्रास होतोय का?' असे विचारले, तिने नकारार्थी मान हलवली आणि 'मग कशाला उगाच खर्च?' या प्रश्नावर तो विषय संपला. काही शे रुपये वाचले म्हणून मीही समाधानाने घरी आले, हे इथे कबूल केले पाहिजे.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी तिला हुडहुडी भरली. चार दिवस घरात पाहुण्यांचा राबता होता, तेव्हा दगदग झाली असेल, कोणाची तरी नजर लागली असेल, असे म्हणून मी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. संपादक महोदय, मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आहे. दोन वृक्के, त्यांतून निघणाऱ्या मूत्रवाहिन्या आणि खाली मूत्राशय ही आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल याचा हिशोब नाही, आणि आकृतीला नावे न देणाऱ्या मुलांचे गुण मी निर्दयपणे कापले आहेत. त्या बाईने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या! रात्री ताप १०४ वर गेला, उलट्या सुरू झाल्या आणि मुलगी उजव्या कुशीला हात लावू देईना, तेव्हा गाडी करून जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. मूत्रपिंडापर्यंत पोचलेला जंतुसंसर्ग असे निदान झाले. पाच दिवस शिरेतून अँटिबायोटिक चालू होते आणि अवेळी कळा तर सुरू होत नाहीत ना, याकडे परिचारिका रात्रंदिवस लक्ष ठेवून होत्या. तिसऱ्या दिवशी कल्चरचा अहवाल आला: ई. कोलाय नावाचे जंतू, एका मिलिलीटरला एक लाखाहून अधिक.

हे जंतू तिसऱ्या महिन्यातही होतेच, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कारण तेव्हा कोणी पाहिलेच नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. लघवीत जंतू असूनही काहीही त्रास नसण्याची ही अवस्था साधारणपणे शंभरातील दोन ते दहा गर्भवतींमध्ये आढळते. एरवीच्या निरोगी बाईला अशा जंतूंसाठी औषध देऊ नये असेच डॉक्टर सांगतात. पण गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मूत्रवाहिन्या सैलावतात, वाढत्या गर्भाशयाचा, तोही बहुधा उजवीकडे कललेल्या गर्भाशयाचा, त्यांवर दाब पडतो, लघवी तुंबून राहते आणि खालच्या जंतूंना वर चढायला वाट मिळते. उपचार न केल्यास अशा दर शंभर जणींपैकी वीस ते पस्तीस जणींचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जातो असे जुन्या अभ्यासांत दिसले होते. माझ्या डॉक्टर भाच्याने लगेच २०१५ च्या एका डच अभ्यासाकडे बोट दाखवले, ज्यात हे प्रमाण पुष्कळच कमी निघाले होते. मात्र त्या अभ्यासातील बायका मुळातच कमी जोखमीच्या होत्या, हे त्यानेच नंतर सांगितले. आकडा कोणताही धरा, ज्या घरात ती रात्र उगवते त्या घराला टक्केवारीचा उपयोग नसतो.

कल्चर करणे म्हणजे कुणाची हौस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या प्रसूतिपूर्व सेवेच्या शिफारशींत या अवस्थेच्या निदानासाठी मधल्या धारेच्या लघवीचे कल्चरच सुचवले आहे, जिथे ते शक्य नाही तिथे लघवीत बुडवायच्या रंगपट्टीपेक्षा ग्रॅम स्टेनिंग (जंतूंना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) बरे असे म्हटले आहे, आणि जंतू सापडल्यास सात दिवसांचे अँटिबायोटिक सांगितले आहे. आपल्याकडे कार्डावर दर खेपेला अल्ब्युमिन आणि साखर लिहिली जाते, म्हणजे लघवी तपासून झाली असा समज घरोघरी आहे. त्या दोन गोष्टी रक्तदाबाच्या विकारासाठी आणि मधुमेहासाठी पाहतात, जंतूंसाठी नव्हे. आणि पस सेल्स कमी दिसल्या म्हणून जंतू नाहीत असेही ठरत नाही. लेखात निदान एवढा फरक सांगितला असता तर धन्याच्या पाण्याची चौकट मी आनंदाने सोसली असती. धन्याच्या पाण्याशी माझे वैर नाही. मीही मुलीला ते दिले होते, जंतूंना त्याची खबर लागली नाही इतकेच.

आता कल्चर करायला गेल्यावर काय होते तेही ऐका. औषधे संपल्यानंतर जंतू गेले का हे पाहण्यासाठी पुन्हा नमुना द्यायचा होता. आधी जागा पाण्याने स्वच्छ धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार निर्जंतुक बाटलीत धरायची आणि बाटली दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवायची, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायची, ही त्याची रीत आहे. आम्ही गेलो त्या ठिकाणच्या काउंटरवर बाटली पुढे सरकवून 'उजवीकडे शेवटचं दार' एवढीच सूचना मिळाली. त्या दाराला कडी नव्हती आणि नळाला पाणी नव्हते. सात महिन्यांची गरोदर मुलगी आत, दार धरून मी बाहेर. भरलेली बाटली दुपारपर्यंत खिडकीत उन्हात होती, हे मी स्वतः पाहिले आणि बोलले तर 'आमचं रोजचं आहे' असे उत्तर मिळाले. दोन दिवसांनी अहवाल आला की मिश्र जंतूंची वाढ झाली आहे, म्हणजे नमुन्यात बाहेरचे जंतू मिसळले असावेत, नमुना पुन्हा द्यावा. पैसेही अर्थात पुन्हा. दुसऱ्या खेपेला मी घरून पाण्याची बाटली आणि कडीऐवजी सुतळी घेऊन गेले, आणि नमुना तिथे न ठेवता रिक्षाने थेट मुख्य प्रयोगशाळेत पोचवला. तो अहवाल स्वच्छ आला. सदतिसाव्या आठवड्यात नात सुखरूप झाली आणि सध्या रात्रभर घर जागे ठेवते.

बायका बाहेर पडताना पाणी कमी पितात, याबद्दल आपल्या तज्ज्ञांनी लेखात त्यांना प्रेमाने दटावले आहे. एस.टी. स्थानकावरील शौचालयाविषयी मी गेल्या वर्षी पाठवलेले पत्र आपण कापून चार ओळींत छापले होते, ते तज्ज्ञांच्या वाचनात आले नसावे.

त्या एका वाक्याची दुरुस्ती पुढील पुरवणीत, पुरवणीच्याच पानावर छापावी, अशी विनंती आहे. 'काहीही त्रास नसला तरी पहिल्या काही महिन्यांत एकदा लघवीचे कल्चर करून घ्यावे, आणि औषध त्याप्रमाणे डॉक्टरांकडूनच घ्यावे, दुकानदाराकडून नव्हे' एवढे पुरेल. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. जागेअभावी कापायचेच झाले तर मीठ-मोहऱ्या कापाव्यात, कल्चर कापू नये.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा