रुवैसहून पत्र: लाइन पायी चालल्याशिवाय सही नाही

रुवैस, अबू धाबी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

चि. सुहास यास अनेक उत्तम आशीर्वाद.

ऑफर लेटर मिळालं, शांतपणे दोनदा वाचलं. पाइपिंगचा क्यूसी (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे कामाचा दर्जा तपासणारा) इन्स्पेक्टर म्हणून तू येतोयस याचा फार आनंद आहे. "एवढ्या मोठ्या कंपनीत एकटा माणूस करतो तरी काय?" असं बाबांनी विचारलं होतं. फोनवर ते धड सांगता येत नाही, म्हणून हे लांबलचक पत्र. त्यांनाही वाचून दाखव.

आधी पैशाचं आणि कागदाचं. लेटरमधल्या एकूण आकड्यावर जाऊ नकोस, बेसिक किती ते बघ. ओव्हरटाइम बेसिकवर धरतात आणि नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही बेसिकवरच: पहिली पाच वर्षं दर वर्षामागे 21 दिवसांचं बेसिक, त्यापुढे दर वर्षामागे 30 दिवसांचं. बेसिक लहान आणि भत्ते मोठे असतील तर महिन्याला फरक कळत नाही, शेवटी हिशेब होतो तेव्हा कळतो. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा, तो काढून घेणं इथल्या कायद्यात बसत नाही. डिप्लोमाच्या सर्टिफिकेटवर आधी राज्य सरकारचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग यूएईच्या वकिलातीचा शिक्का लागतो. निघायच्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा आत्ताच सुरुवात कर.

आता काम. ज्याचा प्लांट तो क्लायंट. त्याने काम दिलेली आपली मोठी कंपनी. तिच्या हाताखाली पाइपिंगवाला, मचाणवाला, पेंटवाला, इन्सुलेशनवाला असे उपठेकेदार. ड्रॉइंग कधी युरोपात तयार होतं, कधी आपल्या पवईत. व्हॉल्व्ह एका देशातून येतो, पाइप दुसऱ्या, आणि ते जोडणारा फिटर तिसऱ्याच. एकमेकांना कधीही न भेटलेली ही माणसं एकाच गोष्टीने बांधलेली असतात, ती म्हणजे कागद. म्हणून कागदाला कंटाळू नकोस. आयसोमेट्रिक (एका लाइनचं, म्हणजे पाइपलाइनचं, तिरकस कोनातून काढलेलं ड्रॉइंग) हातात घेतलं की सगळ्यात आधी कोपऱ्यातला रिव्हिजन नंबर बघ. फिटरच्या खिशात जुनी रिव्हिजन राहिली की सपोर्ट (पाइपला खालून धरणारा आधार) हातभर चुकीच्या जागी बसतो, आणि ते लक्षात येतं लाइन रंगवून झाल्यावर.

इन्स्पेक्शन प्लॅनमध्ये होल्ड पॉइंट आणि विटनेस पॉइंट असे दोन शब्द सतत येतील. विटनेस म्हणजे क्लायंटच्या माणसाला वेळेत कळवायचं. तो आला नाही तर काम पुढे नेता येतं. होल्ड म्हणजे तो आल्याशिवाय, किंवा त्याने लेखी सोडल्याशिवाय, हातही लावायचा नाही. पाइप कापायच्या आधी त्यावरचा हीट नंबर (स्टील कुठल्या वितळीतलं ते सांगणारा नंबर) उरणाऱ्या तुकड्यावर उतरवून घ्यायला लाव. कापल्यानंतर नाही, आधी. साधं कार्बन स्टील आणि थंड सर्व्हिसचं स्टील डोळ्यांना सारखंच दिसतं, त्यामुळे नंबर गेला की चांगला तुकडाही भंगारात जातो.

सगळ्यात जास्त लिहायचंय ते हायड्रोटेस्टबद्दल, म्हणजे लाइन पाण्याने भरून दाब देऊन तपासण्याबद्दल, कारण आधीच्या सहा महिन्यांतली प्रत्येकाची चूक तिथे बाहेर येते. सहा इंची कार्बन स्टीलची लाइन धर, डिझाइन प्रेशर 20 बार. बी 31.3 या पाइपिंगच्या कोडप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) टेस्ट दीडपट, म्हणजे 30 बार (गरम सर्व्हिसची लाइन असेल तर तापमानाची दुरुस्ती करून आकडा आणखी वाढतो). पाणी वापरतात कारण ते दाबलं जात नाही. जोड फुटला तर पाणी उडतं आणि प्रेशर लगेच उतरतं. हवा दाबून भरली आणि जोड फुटला, तर पाइपचा तुकडा तोफगोळ्यासारखा सुटतो.

टेस्ट पॅकमध्ये, म्हणजे त्या टेस्टच्या फाइलमध्ये, सगळी ड्रॉइंग, वेल्डची यादी, एक्स-रेचे निकाल आणि मटेरियल सर्टिफिकेटं असतात. ती टेबलावर तपासून झाली की पॅक काखेत मारून लाइन पहिल्या फ्लँजपासून (बोल्टने जोडायच्या पाइपच्या कडेपासून) शेवटच्या सपोर्टपर्यंत पायी चालायची. कंट्रोल व्हॉल्व्ह, ऑरिफिस प्लेट (प्रवाह मोजायची भोकाची चकती), सेफ्टी व्हॉल्व्ह काढून त्या जागी स्पूल (पाइपचा तुकडा) किंवा ब्लाइंड (तोंड बंद करणारी चकती) लावलाय का? स्प्रिंग सपोर्टच्या पिना जागेवर आहेत का? गॅसची लाइन पाण्याने भरली की तिचं वजन कितीतरी वाढतं. पिन नसेल तर स्प्रिंग खाली बसते आणि लाइन झुकते. प्रत्येक तात्पुरत्या ब्लाइंडला नंबर घाल, लाल टॅग बांध, यादी कर. टेस्टनंतर जितके लावले तितके मोजून परत आले पाहिजेत. एक जरी आत राहिला तरी प्लांट सुरू करताना लाइन बंद, आणि नेमका कुठे बंद हे शोधायला रात्रंदिवस जातात.

पाणी खालून भरायचं आणि सगळ्यात उंचावरचा व्हेंट (हवा बाहेर जायचं तोंड) उघडा ठेवायचा. पाण्याची धार फसफसत, तुटत येत असेल तर हवा अजून आत आहे. बुडबुडा न येता सलग धार लागली की व्हेंट बंद. घाई करून हवा आत ठेवली तर पंप कितीही चालवला तरी काटा रेंगाळतो, शिवाय तो हवेचा धोका लाइनमध्ये तसाच राहतो. स्टेनलेसची लाइन असेल तर आधी पाण्याचा लॅब रिपोर्ट माग. क्लोराइड सहसा 50 पीपीएमच्या आत मागतात. जास्त असलं आणि पाणी कोपऱ्यात साचून राहिलं की पुढे गरम झाल्यावर स्टेनलेसला केसासारख्या बारीक चिरा जातात.

गेज दोन हवेत, दोन्हींवर कॅलिब्रेशनचं चालू तारखेचं स्टिकर हवं. पंपावर रिलीफ व्हॉल्व्ह हवा. प्रेशर 15 बारपर्यंत नेऊन थांब, जोडांवर नजर टाक, मग टप्प्याटप्प्याने 30. कोड किमान 10 मिनिटं धरायला सांगतो, क्लायंटची स्पेसिफिकेशन बहुतेक वेळा त्याहून जास्त. खरं काम त्या वेळातलं आहे: प्रत्येक वेल्ड, प्रत्येक फ्लँज बघायचा, फ्लँजच्या खालच्या अंगाला बोट फिरवायचं.

इथे नवा माणूस हमखास फसतो ती गोष्ट उन्हाची. सकाळी बंद केलेल्या लाइनवर ऊन चढलं की आतलं पाणी फुगतं आणि पंपाला कुणी हात न लावता काटा वर जातो. संध्याकाळी तोच काटा खाली येतो आणि सगळे गळती शोधत फिरतात. म्हणून टेस्ट शक्यतो पहाटे घे आणि प्रेशरच्या नोंदीशेजारी पाइपच्या तापमानाचीही नोंद ठेव. पाणी सोडताना आधी वरचा व्हेंट उघड, मग खालचा ड्रेन. उलट केलंस तर आत निर्वात तयार होतो. जाड पाइप ते सोसतो, पण लाइनला जोडलेली पातळ पत्र्याची टाकी आत चेपते.

टेस्टनंतर लाइन पुन्हा जोडतात तेव्हा सगळे थकलेले असतात आणि शेड्यूल मागे पडलेलं असतं. गळत्या इथेच जन्मतात. स्पायरल वूंड गॅस्केट (दोन फ्लँजमध्ये बसणारी, पट्टी गुंडाळून केलेली चकती) एकदा दाबली गेली की संपली, दुसऱ्यांदा वापरायची नाही, कितीही नवी दिसली तरी. बोल्ट गोलाकार क्रमाने घट्ट करत गेलास तर गॅस्केट एका बाजूने चिरडते. एकाच्या समोरचा, मग काटकोनातला, असा ताऱ्याचा क्रम धर: पहिली फेरी ठरलेल्या टॉर्कच्या (पिळाच्या जोराच्या) 30 टक्के, दुसरी 70, तिसरी पूर्ण, आणि शेवटी पूर्ण टॉर्कवर गोल फेऱ्या, एकही नट हलेनासा होईपर्यंत. फ्लँजची तोंडं जुळत नसतील तर बोल्टच्या जोराने ओढून जुळवू देऊ नकोस. तो ताण पंपाच्या नोझलवर जातो आणि पंपाचं अलाइनमेंट बिघडतं. चेक व्हॉल्व्हवरचा (उलटा प्रवाह अडवणाऱ्या व्हॉल्व्हवरचा) बाण प्रवाहाच्या दिशेने आहे ना, हे स्वतः बघ.

परमिटबद्दल, म्हणजे धोक्याच्या कामाच्या लेखी परवानगीबद्दल, थोडंच लिहितो, कारण ट्रेनिंग मिळेलच. बंद जागेत शिरण्याआधी ऑक्सिजन 19.5 ते 23.5 टक्क्यांच्या मध्ये पाहिजे. आयसोलेशनवर (बंद करून ठेवलेल्या व्हॉल्व्हवर किंवा स्विचवर) तुझं स्वतःचं कुलूप लाव आणि किल्ली तुझ्याच खिशात ठेव. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण त्या वासावर विसंबू नकोस. 100 पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं. छातीवरचा डिटेक्टर वाजला की हातातलं काम टाकून, वारा कुठून येतो ते बघून, त्याला आडवं निघून वाऱ्याच्या वरच्या अंगाला जायचं. त्या वेळी मित्राला उचलायला एकट्याने आत धावायचं नाही. हे मी फार कळकळीने लिहितोय.

कामाचं ओझं एका बाबतीत जड वाटेल. गुरुवारी रात्री कुणीतरी येईल, "उद्या क्लायंटला पॅक द्यायचाय, सही कर, लाइन सकाळी बघू" म्हणेल. माणूस वाईट नसतो, त्याच्या मागेही कुणीतरी लागलेलं असतं. त्याच्याशी भांडू नकोस. टॉर्च घे, त्यालाच बरोबर घे आणि लाइन चालून ये. अर्ध्या तासाचं काम असतं. जे राहिलंय ते पंच लिस्टमध्ये (उरलेल्या कामांच्या यादीत) लिही: टेस्टआधी झालंच पाहिजे ते ए, नंतर चालेल ते बी. मग सही.

उन्हाळ्यात 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद असतं. तहान लागायची वाट न बघता पाणी पीत जा.

आई, सुहासच्या बॅगेत काय द्यायचं ते तुझ्यासाठी वेगळं लिहितो. खसखस इथे पूर्ण बंदी असलेली वस्तू आहे, चिमूटभरही चालत नाही. म्हणजे अनारसे नकोत, आणि गोडा मसाला या वेळी खसखस न घालता कर. मेतकूट, कोकम, कुळथाचं पीठ, सांडगी मिरची खुशाल दे. खोकल्याचं औषध देऊ नकोस. डॉक्टरांची गोळी चालू असेल तर चिठ्ठीसकट त्याच्या हातातल्या बॅगेत ठेव. आणि सुहास, सेफ्टी शूज कंपनी देते, पण सुती मोजे तिकडूनच डझनभर घेऊन ये.

तुझा,
दादा