चष्म्याखालचा कागद

ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाचलंत तर तुम्हाला कळेलच. त्या दिवशी आभार मानायचे राहून गेले. जिना उतरेपर्यंत घसा इतका दाटून आला होता की वॉचमनकाकांना 'येते' म्हणतासुद्धा आलं नाही. महिना होऊन गेला, अजून तसंच होतंय.

मी दत्तक आहे हे मला सहाव्या वर्षापासून माहीत आहे. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. एका सुट्टीच्या दिवशी डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या सीटवर मला मांडीवर घेऊन त्यांनी सांगितलं. आई खिडकीबाहेर बघत माझा पाय घट्ट धरून बसली होती. त्या दोघांनी कधीच काही कमी पडू दिलं नाही. कमी पडलं ते नात्यागोत्यात. एका गणपतीत मावशीकडे चांदीची वाटी सापडेना, तर एवढ्या पोरांत पहिली पिशवी माझी उलटी केली गेली. वाटी नैवेद्याच्या ताटामागे निघाली. त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. 'कुणाचं रक्त, कोण जाणे' हे मात्र आधीच बोलून झालं होतं. तेव्हापासून कुणाकडे गेले की हात सगळ्यांना दिसतील असे मांडीवर ठेवून बसते. आजही.

अठरा पूर्ण झाली की दत्तक मुलाला आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो. तुम्ही येण्याआधी तुमच्याच दत्तक संस्थेच्या ऑफिसात तीन वर्षं मला एकच उत्तर मिळत होतं : फाइल 26 जुलैच्या पुरात गेली. वर, 'एवढं चांगलं घर मिळालंय, कशाला उकरून काढतेस?' 2005 च्या त्या पावसात लोकांची घरं गेली, माणसं गेली. त्याच्या नावावर खोटं बोलवतं तरी कसं? तुम्हाला ती फाइल दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात एका दुपारीत सापडली. कोरडी.

जन्म देणारीने नाव गुप्त ठेवायला सांगितलं होतं, तिच्या संमतीशिवाय ते दाखवणार नाही, हे तुम्ही आधीच स्वच्छ सांगितलंत. तिच्याही बाजूने कुणीतरी उभं आहे, हे ऐकून मला बरं वाटलं. मग त्या ओळीवर तुम्ही कोरा कागद ठेवलात, पंख्याने उडू नये म्हणून त्यावर स्वतःचा चष्मा ठेवलात आणि फाइल माझ्याकडे फिरवलीत. तेवढ्यात आत एक बाळ रडायला लागलं. 'तू वाच, मी आलेच,' म्हणालात आणि गेलात.

खोलीत मी एकटी. तो कागद उचलायला दोन बोटं पुरली असती.

मी बाकीचं पान वाचलं. वजन 1 किलो 900 ग्रॅम. खाली गिचमिड अक्षरात, 'रात्री रडते. उजव्या खांद्यावर घेतलं की गप्प राहते.' म्हणजे कुणीतरी आधी डावा खांदा देऊन पाहिला होता. आईबाबा येण्याआधीचे माझे दिवस मी कायम रिकामेच समजत आले होते.

तरी खरं सांगू? त्या ओळीपेक्षाही मला तुमचा चष्मा आठवतो. लेडीज डब्यात उभी असलेली बाई आपली बॅग, कधी कडेवरचं पोरही, बसलेल्या अनोळखी बाईच्या मांडीवर देते. तू कुणाची कोण, असं विचारत नाही. ते रोज बघूनही, माझ्यावर कुणी असा भार टाकेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तुम्ही परत आलात ते बाळाला खांद्यावर घेऊनच. कागद हलला का, हे पाहिलंही नाहीत. एका हाताने चष्मा उचलून डोळ्यांवर चढवलात आणि विचारलंत, 'कुठपर्यंत आलीस?'

तुमची,
लालबागची मुलगी