पाचगणीतला बलसारा

वाई

प्रिय सुहास,

तुझं पत्र आलं. लंडनमधल्या फेल्टमला ग्लॅडस्टन अव्हेन्यूवर २२ नंबरच्या घरावर ‘क्वीन’ या इंग्लिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या नावाची निळी पाटी (नामवंत राहिले त्या घरांवर लावतात ती) पाहिलीस, आणि ‘हाच का रे तो आपल्या पाचगणीत शिकलेला?’ असं विचारलंस. हो, तोच. पाटीवर त्याच्या नावाखाली कंसात फ्रेड बलसारा असंही लिहिलंय ना? त्या बलसाराबद्दल मला तुला सविस्तर लिहायचंच होतं.

जन्म आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या झांजिबार बेटावरचा, ५ सप्टेंबर १९४६. नाव फारोख. घर पारशी, मूळ गुजरातेतलं. वडील बोमी इंग्रज सरकारच्या नोकरीत, तिथल्या कोर्टात रोखपाल. घरात खाऊनपिऊन सुख, नोकरचाकर. अशा घरातलं पोर आठ वर्षांचं असताना बोटीने मुंबईला आणि तिथून घाट चढून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत येतं. आईवडील समुद्रापलीकडे. छोट्या सुट्ट्यांत झांजिबारला जाणं शक्यच नव्हतं, मग मुंबईत आजीकडे, नातेवाइकांकडे राहायचं. आठ वर्षांचं पोर म्हणजे किती रे? आपण त्या वयात आईला सोडून आजोळीसुद्धा दोन रात्री नीट राहत नव्हतो. त्याच्यावर लिहिणारे बहुतेक लोक हा भाग दोन ओळींत उरकतात, त्याचा मला फार राग येतो.

वरचे दात जास्तीचे होते म्हणून तोंड पुढे आलेलं. मुलं त्याला ‘बकी’ म्हणून चिडवायची. मोठेपणीही हसताना त्याचा हात तोंडावर जायचा, हे तू मुलाखतींत पाहिलं असशील. पण मुलगा कोमेजला नाही. खेळला, मुष्टियुद्धात उतरला, टेबल टेनिसमध्ये तर शाळेत नाव काढलं. चित्रं सुरेख काढायचा. फ्रेडी हे नावही त्याला शाळेतच पडलं आणि पुढे घरच्यांनीही तेच उचललं.

आणि पियानो. रेडिओवर एखादं गाणं ऐकलं की हा जाऊन ते पियानोवर जसंच्या तसं वाजवायचा, असं त्याचे सोबती सांगत आले आहेत. मुख्याध्यापकांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी आईवडिलांना कळवलं की थोडी जादा फी भरून याला रीतसर शिकवा. त्यांनी ती भरली. चौथ्या ग्रेडपर्यंतच्या परीक्षा तो पास झाला, वाजवण्याच्याही आणि लेखीही. शाळेच्या गायनवृंदात होताच. या एका पत्रासाठी त्या मुख्याध्यापकांना मी मनापासून हात जोडतो. मुलात काय आहे ते ओळखायचं आणि वेळेवर त्याच्या घरी सांगायचं, शिक्षकाचं याहून मोठं काम कोणतं?

१९५८ साली, बारा वर्षांचा असताना, पाच मुलांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. चहाच्या खोक्याला दांडा आणि तार लावून केलेला बास, गिटार, ड्रम आणि याचा पियानो. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड या त्या काळच्या रॉक गायकांची गाणी शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायचे. आता नीट ऐक: त्या बँडचा मुख्य गायक दुसराच मुलगा होता! ज्याच्या आवाजासाठी पुढे जगभरची स्टेडियमं भरली, तो पाचगणीत पियानोवर बसून मागून साथीला गात होता. मला वाटतं, त्याचा पाया तिथेच पक्का झाला. क्वीनचं १९७५चं गाणं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पुन्हा लावून बघ. आधी पियानो ऐक, तो त्याचाच आहे. मग एकावर एक चढवलेले आवाज ऐक. नुसत्या पुढे उभं राहून गाणाऱ्याला हे सुचलं नसतं. गायनवृंदात उभं राहून आणि पियानोवर बसून ज्याने इतरांचे आवाज वर्षानुवर्षं ऐकले, त्याचं हे काम आहे.

शेवटी शेवटी अभ्यासातलं लक्ष उडालं, मार्क घसरले, आणि १९६३च्या सुमारास तो झांजिबारला परतला. जानेवारी १९६४मध्ये तिथे क्रांती झाली, सुलतानाची सत्ता उलथली, हजारो अरब आणि भारतीय मारले गेले. बलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला आलं. तू पाहिलंस ते घर त्यानंतरचं. पुढचं बरंच तुला ठाऊक आहे: आयझलवर्थचं पॉलिटेक्निक, मग ईलिंगचं कला महाविद्यालय, १९६९ला ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा. तिथल्याच एका वर्गमित्रामुळे गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलरशी ओळख झाली, आणि १९७०मध्ये क्वीन. बँडचं बोधचिन्हही त्यानेच काढलं, चौघांच्या राशी घेऊन: दोन सिंह, एक खेकडा आणि कन्या राशीच्या स्वतःसाठी दोन पऱ्या.

पाचगणीबद्दल तो पुढे फारसा बोलला नाही. बोर्डिंगने स्वतःला सांभाळायला शिकवलं, एवढं मात्र सांगायचा. मी त्याला दोष देत नाही. आठव्या वर्षी जे सोसलं ते प्रत्येक मुलाखतीत उघडं का करावं? पण आपण तरी ते विसरू नये. १९९१ला तो गेला तेव्हा अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनीच केले.

डिसेंबरात येशील तेव्हा पसरणी घाटाने वर जाऊ. शाळा अजून सुरू आहे. ईशानलाही आण, तो पियानो शिकतोय म्हणालास ना? वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल