रविवारची वृद्धाश्रम भेट : सभासदांना आठवण

मंडळी, येत्या रविवारी सकाळी १० वाजता इंदूरच्या राजवाड्यापाशी जमायचं आहे. खाऊ थोडाच आणा, पण डोळे उघडे ठेवा. मागच्या वेळी एका आजींची पाण्याची बाटली खिडकीत होती आणि आजी पलंगावर. हातच पोचत नव्हता. बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का, रात्री ड्युटीवर कोण असतं, हे विचाराच. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस साधारण दर २ तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्याची नोंदवही मागा, लाजू नका. मधुमेहींना परस्पर जिलबी भरवू नये (इंदूरकरांना अवघडच!). गंभीर काही दिसलं तर ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८.

— सचिव