अर्ध्या पत्रावरून निकाल

रविवारच्या पुरवणीतील लेखात, पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले बेंजामिन डिझरायली यांनी १८३९ मध्ये मेरी ॲन यांच्याशी पैशासाठीच लग्न केले, असे त्यांच्याच एका पत्राच्या आधारे म्हटले आहे. पत्र अर्धेच वाचलेले दिसते. सुरुवातीला मनात प्रेम नव्हते, ही कबुली त्यात आहेच. पण मेरी ॲन यांचे उत्पन्न आपल्या काही कामाचे नाही हे कळल्यावरही ओढ कमी झाली नाही, हेही त्यातच आहे. शिवाय ते भांडणानंतर रागाच्या भरात लिहिलेले. त्यावरून ३३ वर्षांच्या संसाराचा निकाल कसा लावणार?

पुढे एकदा दोघेही आजारी पडले, तेव्हा एकाच घरातल्या दोन खोल्यांतून पंधरा दिवस चिठ्ठ्यांची ये-जा चालली होती. ‘पाठीवर पडून लिहितोय, पेन्सिलीबद्दल माफ कर,’ अशा अर्थाची ओळ त्यांत आहे. मेरी ॲन यांनी त्या चिठ्ठ्या जपल्या. (नवऱ्याचे केसही त्याच कापत आणि तेही जपून ठेवत!) १८५६ मध्ये त्यांनी आपल्या मृत्यूनंतर वाचण्यासाठी पतीला पत्र लिहून ठेवले: दोघांना एकाच थडग्यात पुरावे, पण तुम्ही एकटे राहू नका. १८७२ मध्ये त्या गेल्या. या पत्राचा लेखात उल्लेखही नाही.

- एक वाचक, डोंबिवली